पुसदच्या नालीशी आपला काय संबंध?



मागच्या बैठकीत आम्ही ठरवलं होतं की पुढचं बोलणं शहरातल्या नाल्या, पूल आणि पाण्याच्या टाक्यांवर करायचं. हा विषय निघाला तशी आमच्यातलीच एक काकू हसून म्हणाली, "आपल्याले काय करायचं पुसदच्या नालीचं? तिथं राहणारे पाहतीन!" प्रश्न बरोबर होता. आपण खेड्यातल्या बाया, आपली कामं शेतात, गोठ्यात आणि गटात. मग शहराच्या नालीचा विचार आपण काहून करायचा?

आम्ही त्यावर बरंच बोललो. मग एकेकीला आठवत गेलं. एकीचा भाजीचा पाला पुसदच्या बाजारात जातो. दुसरीची लेक तिथं खोली करून कॉलेज शिकते. तिसरीच्या सुनेचं बाळंतपण तिथल्याच दवाखान्यात झालं. गटाचं खातं, रेशनचं काम, तहसीलमधले दाखले, खत-बियाणं, सगळं तिथंच. पुसदमध्ये दोन फूट पाणी चढलं की आपली टोपली रस्त्यावर, आपली लेक खोलीत अडकलेली आणि आपली गाडी अर्ध्या वाटेत उभी. शहर बुडालं की आपलाही दिवस बुडतो.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. पूस नदी काही फक्त शहराची नाही. ती डोंगरातून, गावांच्या शिवारातून वाहत येते. वरच्या अंगाला पूस धरणात अडते, मग पुसदवरून पुढं जाते आणि पैनगंगेला मिळते. शहराच्या वरची गावं आपली आहेत, खालची गावंही आपलीच आहेत. वरच्या शिवारात पडलेलं पाणी शहरात जातं. शहरातली घाण पुरासोबत खालच्या गावांच्या विहिरींपर्यंत येते. तेव्हा त्या काकूलाच दुसऱ्या एका मावशीनं उत्तर दिलं, "पाणी उतारानं येते, बाई. त्याले शीव समजत नाही."

पाऊस बदलला म्हणजे नेमकं काय झालं?

आपल्याला सगळ्यांना जाणवतं की पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही. पूर्वी झड लागायची. आठ-आठ दिवस रिमझिम चालायची, जमीन पाणी पीत राहायची. आता पंधरा-वीस दिवस उघाड पडते आणि मग एकाच रात्री सगळं कोसळतं.

याचं एक साधं कारण आहे. गरम हवा जास्त वाफ धरून ठेवते. हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. ओला कपडा जितका जाड तितकं पिळल्यावर पाणी जास्त निघतं, तसंच हे. हवेत वाफ जास्त साठली की पाऊस पडतो तेव्हा मोठा पडतो.

आता थोडा हिशोब करू. आपण गटाचा हिशोब ठेवतो, मग पावसाचा का नाही? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. एवढं एकच सूत्र लक्षात ठेवायचं. पाचशे चौरस फुटांच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. म्हणजे दोनशे लिटरचे तेवीस ड्रम भरतील. एका एकरावर ५० मिलिमीटर पडला तर दोन लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे वीस टँकर एका एकरात ओतले असं समजा.

हे वीस टँकर शेतात ओतले तर काही पाणी मातीत मुरेल, काही बांधाला अडेल, काही ओघळीनं हळूहळू जाईल. तेच वीस टँकर सिमेंटच्या रस्त्यांवर, पेव्हर ब्लॉकवर आणि पत्र्यांवर ओतले तर जवळजवळ सगळं पाणी लगेच नालीकडं धावतं. नाली जुन्या पावसाच्या मापानं बांधलेली. त्यात पन्नी, गाळ आणि बांधकामाचा मलबा. वरून कुणीतरी दुकानापुढं पक्का स्लॅब टाकलेला. मग पाणी जाईल कुठं? ते रस्त्यावर येतं, नाहीतर घरात शिरतं.

आणखी एक गोष्ट आपण आपल्या गावातही पाहतो. दरवेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर टाकतात. रस्ता वर वर येतो आणि घरं खाली राहतात. पूर्वी अंगणातलं पाणी रस्त्यावर जायचं, आता रस्त्यावरचं अंगणात येतं.

मोठ्या शहरांनी काय भोगलं?

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या शहरातल्या जुन्या नाल्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या मापानं बांधलेल्या होत्या. मिठी नदीचं पात्र भराव आणि बांधकामांनी आवळलेलं होतं. शेकडो माणसं गेली. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. नाल्यांची ताकद तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायचं आणि पाणी उपसायची केंद्रं बांधायचं काम हाती घेतलं गेलं. तरी आजही जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की मुंबईत पाणी तुंबतं.

आपल्या विदर्भातलं उदाहरण घ्या. २०२३ च्या सप्टेंबरात, २२ तारखेच्या रात्रीतून २३ ची पहाट होईपर्यंत नागपुरात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि झोपेतल्या घरांत पाणी शिरलं. मोठं शहर, पैसा आहे, यंत्रं आहेत, तरीही हे झालं.

आणि आपल्या शेजारचं तर आपण विसरूच शकत नाही. २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढा घातला. लोकांना काढण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवायची वेळ आली. त्याआधी २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याला पूर असताना पुलावरून जाणारी एसटी बस वाहून गेली आणि माणसं दगावली. त्या बसमध्ये आपल्यासारखेच लोक होते. कुणी कामाला, कुणी दवाखान्यात, कुणी घरी निघालेलं.

म्हणून आम्हाला वाटतं, शहराची व्यवस्था म्हणजे फक्त शहरातली नाली नाही. शहराकडं जाणारा रस्ता, त्यावरचा रपटा, विजेची तार आणि धरणापासूनची पाण्याची वाहिनी, ही सगळी एकच साखळी आहे. एक कडी तुटली की सगळं थांबतं.

आता एकेक कडी पाहू.

पहिली कडी: नाला आणि नाली

नाला उन्हाळ्यात कोरडा दिसतो म्हणून ती मोकळी जागा नव्हे. ती पाण्याची वाट आहे. दहा वर्षांतून एकदाच तिथं पाणी येत असेल, पण येईल तेव्हा ते वाट सोडणार नाही. नाल्यात भराव टाकून दुकान काढलं, घर बांधलं, तर पाणी त्याच्या शेजारच्या घरात जातं. बहुतेक वेळा ते घर गरिबाचं असतं, कारण गरिबालाच नाल्याकाठी जागा मिळते. अशा माणसाला नुसतं उठवून देणं हा उपाय नाही. त्याला दुसरीकडं जागा मिळाली पाहिजे, तरच नाला मोकळा राहील.

नालेसफाई पावसाळ्याआधी व्हायला पाहिजे, आणि काढलेला गाळ काठावर ठेवायचा नाही. पहिल्याच पावसात तो परत आत जातो. हे आपण आपल्या गावातही तपासायचं.

दुसरी कडी: रपटा आणि पूल

आपल्या भागात अजून कितीतरी ठिकाणी ठेंगणे रपटे आहेत. थोडं पाणी आलं की ते बुडतात. पाणी गढूळ असल्यानं खाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला, हे दिसत नाही. वाहत्या पाण्याचा जोर आपल्या अंदाजापेक्षा फार मोठा असतो. अर्धा फूट जोरदार वाहतं पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं. दोन फूट पाणी बहुतेक मोटारी उचलून नेतं. म्हणून रपट्यावर पाणी असेल तर थांबायचं. "एवढ्यात निघून जाऊ" म्हणणाऱ्या चालकाला गाडीतल्या बायांनी मिळून अडवायचं. उशीर झाला तरी चालेल.

पूल उंच करायची मागणी कुणाकडं करायची, हेही माहीत पाहिजे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं असतात. चुकीच्या दारात अर्ज दिला की तो नुसता फिरत राहतो. आमच्यातल्या एका गटाचा अर्ज असाच वर्षभर फिरला. शेवटी कळलं की तो रस्ता त्या कार्यालयाचा नव्हताच.

तिसरी कडी: पिण्याचं पाणी

पावसाचा लहरीपणा दोन्ही बाजूंनी मारतो. २०१८ च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, यवतमाळला, निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली. शहरातल्या बाया टँकरमागं धावल्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला तर मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं.

धरण आटतं ते फक्त पाऊस कमी झाल्यानं नव्हे. वरच्या शिवारातली माती वाहून धरणात बसते, धरणाचं पोट लहान होतं. ती माती आपल्याच वावरातली असते. आपलं नुकसान आधी होतं, शहराचं मागून. आपल्या पुसदच्या मातीतले सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना १९९२ साली राज्यात जलसंधारणाचं वेगळं खातं झालं. पाणी पडतं तिथंच थांबवा, हा त्यामागचा विचार. तो विचार दुष्काळासाठी होता, पण आजच्या ढगफुटीसारख्या पावसालाही तोच कामी येतो. डोंगराला समतल चर, उताराला आडवी पेरणी, सोयाबीनला रुंद सरी-वरंबा, बांधावर झाडं, नाल्यात लहान बंधारे. यानं पाणी हळू चालतं, माती जागेवर राहते, विहिरीला पाझर मिळतो आणि खालच्या गावात पाणी एकदम चढत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. चर खोदले म्हणजे पूर येणारच नाही, असं नाही. एका रात्रीत दोनशे मिलिमीटर पडला तर चरही भरतात. पण मधल्या पावसांना ते अडवतात आणि मोठ्या पावसात थोडा वेळ मिळवून देतात. पुरात अर्ध्या तासाला फार किंमत असते. तेवढ्यात म्हातारी माणसं, लेकरं आणि जनावरं उंचावर नेता येतात.

चौथी कडी: ऊन

बदलत्या हवामानात आपण पुराचंच बोलतो, पण विदर्भात ऊनही माणसं मारतं. पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि आपण बाजारात डोक्यावर पदर घेऊन बसतो. बाजाराला सावली नाही, प्यायला पाणी नाही, बायांसाठी धड स्वच्छतागृह नाही. मग आपण काय करतो? लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. उन्हाळ्यात हेच सर्वांत धोक्याचं. सावली, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह हीसुद्धा शहराची उष्णतेपासून बचावाची व्यवस्था आहे, ती काही चैन नाही.

अहमदाबादमध्ये २०१० च्या उन्हाळ्यात फार माणसं दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेसाठी कृती आराखडा केला. आधी इशारा द्यायचा, दवाखाने तयार ठेवायचे, पाण्याची सोय करायची, गरिबांच्या छतांना पांढरा चुना द्यायचा. पांढरं छत ऊन परत फेकतं आणि घर थोडं थंड राहतं. ही गोष्ट आपल्या टिनाच्या घरालाही करता येते आणि खर्चही फार नाही.

मग आपण काय करायचं?

आम्ही गटांमध्ये बसून सहा कामं काढली. सगळी एकदम होणार नाहीत. प्रत्येक गटानं या पावसाळ्यापुरती दोन तरी उचलावीत.

एक. गावचा नकाशा काढा. अंगणात रांगोळीनं काढला तरी चालेल. पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं, कोणाच्या घरात शिरतं, कोणता रपटा बुडतो, कोणत्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाला दिवस गेलेत. म्हाताऱ्या बायांना विचारा. जुना पूर कोणत्या दगडापर्यंत आला होता, हे त्यांना माहीत असतं. मग तो नकाशा कागदावर उतरवून ग्रामपंचायतीत द्या.

दोन. पाऊस मोजा. सरळ कडेचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी पट्टीनं आतलं पाणी मोजा आणि वहीत लिहा. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. आपल्या राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की तिथं अतिवृष्टी धरतात. सरकारी नोंद मंडळाच्या पर्जन्यमापकाचीच चालते, आपल्या डब्याची नाही. पण आपला आकडा हाती असला की तलाठ्याशी बोलताना आपण नुसतं "लय पाऊस झाला" म्हणत नाही.

तीन. इशारा समजून घ्या. हवामान खातं चार रंग सांगतं. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता कृती करा. विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' नावाचं मोफत ॲप आहे. गटात एकीच्या तरी फोनवर ते ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिका १०८ आणि पोलीस-मदत ११२. हे तीन आकडे दाराच्या मागं खडूनं लिहून ठेवा.

चार. ज्या गावाचा रपटा बुडतो, तिथल्या गरोदर बाईला तारीख जवळ आली आणि पावसाचा जोर असला तर आधीच पलीकडं नातेवाइकांकडं किंवा दवाखान्याजवळ ठेवा. आशाताईंशी बोलून ठेवा. पुराच्या रात्री खाटेवरून नदी पार करायची वेळ कोणत्याही लेकीवर येऊ नये.

पाच. पुरानंतर विहिरीचं पाणी तसंच पिऊ नका. वरून शहराची, गोठ्याची, उकिरड्याची घाण आलेली असते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ब्लिचिंग पावडर टाकून घ्या, तपासणी करून घ्या आणि तोपर्यंत पाणी उकळून प्या.

सहा. मागणी लेखी करा. ग्रामसभेत उभं राहून बोला आणि ठराव लिहिला गेला का ते पाहा. शहराची गोष्ट असेल तर नगर परिषदेत अर्ज द्या. बाजारात बसणारी बाई खेड्यातली असली तरी ती त्या बाजाराची आहे. बाजारात सावली, पाण्याची सोय, पाणी न साचणारा उंच ओटा आणि उघडं स्वच्छतागृह, एवढ्या चार गोष्टी मागायच्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून नगर परिषदेपर्यंत निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. निवडून आलेल्या बाईकडं जा, तिच्यासोबत बसा. ती एकटी पडली तर तिचंही कुणी ऐकत नाही.

जाता जाता एक गोष्ट. या बोलण्याची तयारी चालू असताना त्या पहिल्या काकू परत आल्या. आपल्या गावच्या नाल्याचा नकाशा त्यांनी काढून आणला होता. आपलंच गाव नाल्यात कचरा टाकतं ती जागा त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल केली होती. म्हणाल्या, "पुसदवाल्यांना सांगायच्या आधी हे साफ करतो आम्ही. मंग जातो आम्ही अर्ज घेऊन." आम्हाला वाटतं, सुरुवात अशीच व्हायला पाहिजे. आपल्या हातातलं आपण करायचं, आणि जे आपल्या हातात नाही ते ज्याच्या हातात आहे त्याच्याकडून हक्कानं करून घ्यायचं. नुसतं पहिलं केलं तर सगळं ओझं बायांवरच येतं. नुसतं दुसरं केलं तर कुणी ऐकत नाही.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी घरातला एक सरळ डबा शोधा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या वहीतले पावसाचे आकडे आम्हाला सांगा. कोणत्या गावात किती पडला, कुठं पाणी तुंबलं, कोणता रपटा बुडाला, सगळं आपण मिळून वाचू. वरच्या गावांचे आणि खालच्या गावांचे आकडे शेजारी ठेवले की नदी आपल्याला आपोआप समजत जाईल.

तोवर नमस्कार. पाण्यात पाय घालू नका, आणि उन्हात पाणी प्यायला विसरू नका.